दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र : आशा पुथली यांच्या पहिल्या रेकॉर्डसाठी पानं राखून ठेवा

सन्माननीय संपादक मंडळी आणि मराठीत संगीतावर लिहिणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांचे विषय पावसाळ्याच्या तोंडावर ठरतात. लेखकांना फोन जातात, आणि संगीतावरच्या लेखासाठी बहुतेक संपादकांच्या मनात दोन-तीन नावं आधीपासूनच असतात. ती पक्की व्हायच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून घाईने लिहिते आहे. मागणी एकच आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि मुंबईतच वाढलेल्या आशा पुथली यांचा पहिला अल्बम १९७३ साली सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने युरोपात काढला. अल्बमचं नाव त्यांचंच, 'आशा पुथली'. या अल्बमवर गाणी नीट ऐकून, गळ्याचा विचार करून लिहिलेला एकही मोठा लेख मराठीत माझ्या वाचनात आलेला नाही. तो तुमच्यापैकी कुणीतरी लिहवून घ्यावा आणि छापावा.

नावाचा गोंधळ होतो, हे खरं. मराठी घरात 'आशाताई' म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. पण या दुसऱ्या आशाबाईंचं नाव काढलं की समोरचा विचारतो, 'कोण पुथली?' गाण्याचं वेड असलेली, बैठकींना आवर्जून जाणारी, घरात कपाटभर रेकॉर्ड्स जपणारी माणसंसुद्धा हेच विचारतात. त्यांना तरी काय म्हणणार? त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगायचं काम तुमचं होतं आणि अजूनही आहे.

आशा पुथली यांचा जन्म १९४५चा. लहानपणी त्या आपलं शास्त्रीय गाणं शिकल्या आणि त्याच्या जोडीने ऑपेराचं गाणंही. एकाच गळ्यावर दोन इतके वेगळे संस्कार होणं ही त्या वेळच्या मुंबईतही रोजची गोष्ट नव्हती. एकीकडे आवाज छातीतून मोकळा सोडायचा, स्वर लावून धरायचा, मींड घ्यायची. दुसरीकडे आवाज डोक्यात चढवायचा, गोल करायचा आणि थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा. त्यात जॅझ मिळालं ते रेडिओतून. विलिस कॉनोव्हर हे 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरून जगभर जॅझ ऐकवायचे, आणि शॉर्टवेव्हचा काटा हलक्या हाताने फिरवत ते ऐकणारी मुंबईतली तरुण मंडळी बरीच होती. आकाशवाणीवर तेव्हा बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या आपल्याच मराठी मंत्र्यांची शिस्त चालायची. शास्त्रीय संगीताला त्यांनी भरभरून वेळ दिला आणि सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ दार लावून घेतलं. मग अर्धा देश रेडिओ सिलोनकडे वळला. थोडे वेगळ्या कानाचे लोक त्याही पलीकडे, वॉशिंग्टनकडे वळले.

आणि मुंबई तेव्हा जॅझला परकी नव्हती. चर्चगेटच्या रस्त्यावरच्या रेस्टॉरंटांत, ताजच्या बॉलरूममध्ये गोव्याचे वादक रोज वाजवत होते. दारूबंदीने त्यांच्या कमाईवर गदा आणली तेव्हा त्यांतले बरेच जण सिनेमाच्या स्टुडिओत शिरले, आणि आपल्या हिंदी गाण्यांना जो वाद्यवृंद मिळाला तो त्यांच्यामुळे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा चितळकर, यांच्या सोबत चिक चॉकलेट काम करायचे. 'अलबेला'ची गाणी लागली की आजही साठीतले काका मांडीवर ताल धरतात. मराठी माणूस जॅझवर इतकी वर्षं प्रेम करत आला आहे, फक्त ते जॅझ आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. याच मुंबईत दुपारच्या चहाच्या वेळी डान्सचे कार्यक्रम व्हायचे आणि तिथे आशा पुथली गायच्या. 'द सर्फर्स' नावाच्या बीट ग्रुपबरोबर इंग्रजी गाण्यांची एक छोटी रेकॉर्डही त्यांनी इथे केली.

पुढचा भाग वाचताना एखाद्या कादंबरीसारखा वाटतो, पण तो खरा आहे. वेद मेहता हे 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिणारे अंध लेखक भारतभर फिरून गेले आणि १९७० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात मुंबईतल्या जॅझवरही लिहिलं. त्यात ही गाणारी मुलगी होती. पुढे आशा पुथली न्यूयॉर्कला पोहोचल्या त्या नृत्यामुळे. मार्था ग्रॅहम या अमेरिकन आधुनिक नृत्यकर्तीच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. न्यूयॉर्कमध्ये नव्या गायकांना हेरणारे निर्माते जॉन हॅमंड यांनी त्यांचं गाणं ऐकलं. मेहतांनी लिहिलेलं हॅमंड यांच्या वाचनात आलेलं होतं. बिली हॉलिडे यांना रेकॉर्डिंगपर्यंत आणणारे, काउंट बेसी यांना पुढे आणणारे, ॲरिथा फ्रँकलिन आणि बॉब डिलन यांना कोलंबिया कंपनीत घेणारे ते हेच हॅमंड. त्या माणसाच्या कानाला फसवणं सोपं नव्हतं.

हॅमंड यांनी त्यांना ऑर्नेट कोलमन यांच्याकडे पाठवलं. कोलमन म्हणजे फ्री जॅझचे अध्वर्यू. त्यांच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममध्ये दोन गाणी आहेत आणि दोन्ही आशा पुथली यांनी गायली आहेत. रेकॉर्डिंग १९७१चं. ही गाणी तुम्ही ऐकलीच पाहिजेत. कारण तिथे गायिकेला पकडायला काहीच नाही. खाली कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची, सुरक्षित पायरी नाही, ठरलेला ठेका नाही, भोवती तुताऱ्या आणि दोन ड्रमवाले आपापल्या वाटेने सुटलेले आहेत, आणि मध्ये हा आवाज संथपणे, एक-एक स्वर पारखून पुढे जातो. आमच्याकडे विलंबित ख्यालात षड्ज पक्का असलेला गायक तबल्याच्या कितीही गुंत्यातून सरळ चालत येतो, तेच हे धैर्य आहे. 'डाउन बीट' या जॅझच्या मासिकाच्या समीक्षकांनी त्या दोन गाण्यांची दखल घेतली आणि त्यांच्या वार्षिक कौलात आशा पुथली यांचं नाव झळकलं. दोन गाण्यांवर!

असं नाव झाल्यावर अमेरिकन कंपन्यांनी त्यांच्या दारात रांग लावायला हवी होती. लावली नाही. भारतीय नावाची, भारतीय चेहऱ्याची बाई पॉप गाते, तिला कोणत्या खणात ठेवायचं हे त्यांना कळेना. युरोपातल्या सीबीएसने मात्र करार केला आणि निर्माता दिला डेल न्यूमन. एल्टन जॉन यांच्या 'गुडबाय यलो ब्रिक रोड'वरची व्हायोलिनं ज्यांनी बांधली तेच न्यूमन. कॅट स्टीव्हन्स यांच्या 'टी फॉर द टिलरमन'वरचीही त्यांचीच. म्हणजे कंपनीने काही स्वस्तात उरकलं नव्हतं.

आता गाण्याकडे येते, कारण मला बोलायचंय ते याच्याविषयी.

'राइट डाउन हियर' हे गाणं जे. जे. केल यांचं. केल हे ओक्लाहोमातल्या टल्सा गावचे. त्यांची गाण्याची रीत अशी की जणू ओसरीवर बसून स्वतःशीच गुणगुणतायत. आवाज वाद्यांच्या मागे, सुस्त, कोरडा, पुरुषी. आशा पुथली यांनी ते गाणं उचललं आणि पार आतून बदलून टाकलं. खाली बास गिटार सरपटत चालते, वर तालवाद्यांची बारीक खुडबुड, आणि मग आवाज येतो तो अगदी कानाशी. श्वासाचा भाग जास्त, स्वराचा कमी. वाटतं, ही एवढ्यावरच राहणार, कुजबुजत गाणाऱ्या बायकांची त्या काळात कमी नव्हतीच. पण ओळीच्या टोकाला शब्द सोडताना ती स्वर तोडत नाही. वरून खाली उतरते, आणि उतरताना मधल्या कुठल्याच श्रुतीला, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म जागेला, वगळत नाही. पाश्चात्त्य गायिका अशा ठिकाणी घसरगुंडी करते, सुरुवातीचा आणि शेवटचा स्वर खरा आणि मधलं नुसतं वाहून गेलेलं. इथे मधलाही रस्ता गायलेला आहे. त्याला आपण मींड म्हणतो, आणि ती रियाझाशिवाय येत नाही.

हे माझंच मत असतं तर मी एवढ्या ठामपणे लिहिलं नसतं. माझी आत्या संगीत विशारद, आयुष्यभर गाण्याचे क्लास घेतलेले. तिला इंग्रजी गाण्यांचा काडीचा नाद नाही. तिला एकदा हे गाणं लावून दिलं, कोण गातंय ते न सांगता. ती भाजी निवडत होती. पहिल्या कडव्यापर्यंत मान वर केली नाही. मग हात थांबला आणि म्हणाली, "पुन्हा लाव गं ती जागा." पुन्हा लावली. "ही आपल्याकडे शिकलेली आहे. कुणाकडे शिकली?" मी म्हटलं, आत्या, तुला कसं कळलं? तर म्हणाली, "अगं, उतरताना बघ ना, निषादावर थांबून विचारतेय, येऊ का म्हणून." तेवढ्या एका वाक्यात जी समीक्षा आहे ती मला आजवर कुठल्याही इंग्रजी लेखात सापडलेली नाही. इंग्रजीत या गायिकेवर लिहिणारे बहुतेकजण 'कामुक', 'मादक', 'अंतराळातला' अशा विशेषणांवर थांबतात. निषादावरचं थांबणं त्यांना ऐकू येत नाही, कारण त्यांच्या कानावर तो संस्कार नाही. तुमच्या लेखकांच्या कानावर आहे. म्हणूनच हा लेख मराठीत यायला हवा, असं मी म्हणते. इंग्रजीतल्या लेखांचा अनुवाद नको आहे मला. आपल्या कानाने ऐकलेलं लिहिलं गेलं पाहिजे.

दुसरं गाणं जॉर्ज हॅरिसन यांचं, 'आय डिग लव्ह'. इथे थोडं थांबायला हवं. हॅरिसन हे बीटल्समधले सतारीच्या ओढीने भारताकडे आलेले, रविशंकरांचे शिष्य. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेला कार्यक्रम त्या दोघांचा. पाश्चात्त्य श्रोत्यांना तेव्हा भारत हवा होता तो सतार, उदबत्ती आणि अध्यात्म या रूपात. हॅरिसन यांच्या १९७०च्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या तीन रेकॉर्डांच्या संचात 'माय स्वीट लॉर्ड' हे गाणं आहे, हरे कृष्णाचा गजर असलेलं, जगभर गाजलेलं. मुंबईच्या एका गायिकेला त्या संचातून एखादं गाणं उचलायचं तर हे तयारच होतं. कंपनी खूश झाली असती, लोकही. आशा पुथली यांनी निवडलं ते त्याच संचातलं सगळ्यांत हलकंफुलकं, जवळजवळ थिल्लर म्हणावं असं गाणं. आणि ते गायलंय खेळकरपणे, लाडिकपणे. गोऱ्या माणसाने भारताकडे भक्ती मागावी आणि भारतीय मुलीने त्याच्याकडून खोडकरपणा उचलावा, यात मला त्यांचा स्वाभिमान दिसतो. मला जे गायचंय ते मी गाईन, तुम्हाला भारतीय बाईकडून काय हवंय ते तुमचं तुम्ही बघा. १९७३ साली हे बोलायला, तेही एका शब्दाने न बोलता, किती छाती लागली असेल!

सगळा अल्बम या दोन गाण्यांच्या उंचीवर आहे असा माझा दावा नाही. न्यूमन यांच्या व्हायोलिनांचा पाक काही ठिकाणी जास्त होतो आणि आवाजाला जागा उरत नाही. संथ गाण्यांत एखाद-दोन ठिकाणी वाटतं की निर्मात्याला या गळ्याची ताकद पुरती उमगलेली नाही. कोलमनबरोबर मोकळ्या रानात गायलेली बाई इथे सजवलेल्या दिवाणखान्यात बसवली आहे. पण पहिल्याच अल्बममध्ये असं होतंच. तरुण गायिका, मोठी कंपनी, नामांकित निर्माता. तरीसुद्धा दर गाण्यात अशी एक तरी जागा आहे जिथे ती त्या दिवाणखान्याची खिडकी उघडते.

मग हा अल्बम गेला कुठे? कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमेरिकेत कंपन्यांनी पाठ फिरवलेली. युरोपात टीव्हीवर कार्यक्रम झाले, चाहते मिळाले, पण घराघरात नाव पोहोचलं नाही. भारतात तर रेकॉर्ड येण्याचा रस्ताच जवळपास बंद होता. त्या वर्षांत परदेशी रेकॉर्ड म्हणजे परवाना आणि जकात. बोटीवरून येणारा कुणी खलाशी, परदेशी असलेला कुणाचा मामा, विमान कंपनीत नोकरीला असलेली कुणाची बहीण, यांच्या बॅगेतून जे येईल ते. इथल्या बाजारावर राज्य एचएमव्हीचं. सीबीएसने भारतात आपली कंपनी काढली ती १९८०च्या दशकात, तोवर हा अल्बम जुना झाला होता. म्हणजे ज्या शहराने तो गळा घडवला त्या शहराला तो ऐकायलाच मिळाला नाही.

याच्या शेजारी एक उदाहरण ठेवते. १९७३च्याच जुलैमध्ये इंग्लंडात 'क्वीन' या बँडचा पहिला अल्बम निघाला. गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढलेला फारुख बलसारा. त्या अल्बमचंही पहिल्या झटक्यात फारसं काही झालं नाही. पहिलं सिंगल तर इंग्लंडच्या यादीतसुद्धा आलं नाही. पण कंपनीने धीर धरला, दुसरा अल्बम निघाला, तिसरा निघाला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. फ्रेडी गोरा दिसायचा, नाव बदललेलं होतं, बँड इंग्रजांचा होता. आशा पुथली यांनी नाव बदललं नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर ते ठळक छापलं.

आणि गंमत बघा, पाचगणीची ती शाळा, तो बोर्डिंगमधला फारुख, यावर मराठीत लिहून आलंय. चांगलं लिहून आलंय, मी आवडीने वाचलंय. झुबिन मेहता मुंबईचे म्हणून आपण मान ताठ करतो. दोघांनीही मराठीत काही गायलं-वाजवलेलं नाही आणि कुणी तशी अट घातली नाही. म्हणून आशा पुथली यांचा विषय काढल्यावर 'पण ती इंग्रजी गाणी, त्यात मराठी वाचकाला काय?' हा प्रश्न मला पटत नाही. तो प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मी जाणते. अंकाची पानं मोजकी, कागद महाग, जाहिराती आटलेल्या, वाचक ओळखीच्या नावाला पैसे देतो. सगळं कबूल. पण १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा वाचकाला ठाऊक असलेलंच छापायचं असा हिशेब केला असता तर ही परंपरा उभी राहिली नसती.

आपल्याकडच्या संगीतविचारालाही हे परकं नाही. बा. र. देवधर मास्तर ग्वाल्हेर गायकीत मुरलेले, कुमार गंधर्वांचे गुरू. त्यांनी तरुणपणी इटालियन शिक्षकाकडे रीतसर पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले होते. अशोक दा. रानडे सरांनी संगीताच्या कोटी, म्हणजे प्रकार, मांडले तेव्हा कलासंगीत आणि लोकसंगीतावर थांबले नाहीत, जनसंगीत (लोकप्रिय संगीत) आणि संगमसंगीत (वेगवेगळ्या संगीतांच्या मिलाफातून झालेलं) यांनाही बरोबरीने जागा दिली. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची घडी बसवणाऱ्या माणसाने केलेली ही मांडणी आहे. आशा पुथली यांचा पहिला अल्बम त्या शेवटच्या दोन कोटींच्या बरोबर सांध्यावर बसतो. सरांनी खुर्ची मांडून ठेवलेली आहे, तिथे कुणाला बसवायचं ते ठरवणं तेवढं राहिलं आहे.

उशीर मात्र होतो आहे. बाहेरच्यांनी केव्हाच सुरुवात केली. त्यांच्या १९७६च्या 'द डेव्हिल इज लूज' या अल्बममधलं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसो यांच्या 'द लॉफ्ट' या डान्स पार्ट्यांमध्ये वाजलं आणि तिथून डान्स संगीताच्या जगात पसरलं. १९९७ साली नॉटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या अल्बमवर त्याचाच तुकडा आला. ब्रुकलिनच्या पोरांनी तो आवाज ऐकला, गाणाऱ्या बाई मुंबईच्या आहेत हे माहीत नसताना. २०२२ मध्ये इंग्लंडच्या 'मिस्टर बोंगो' कंपनीने त्यांच्या निवडक गाण्यांचा संच काढला. २०२४ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्या ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात गायल्या. पण या सगळ्या पुनर्शोधात झोत पडतो तो 'स्पेस टॉक'वर, डिस्कोवर, झगमगाटी कपड्यांवर. १९७३चा तो पहिला अल्बम पुन्हा मागेच राहतो. डीजेला नाचवणारं गाणं हवं असतं, त्याच्या दृष्टीने ते ठीकच आहे. ज्याला गळा कसा घडला हे समजून घ्यायचंय त्याला पहिल्या अल्बमपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण मुंबईहून नेलेली शिदोरी तिथेच सगळ्यांत उघडी दिसते.

म्हणून नेमकं काय करावं असं माझं म्हणणं आहे, ते सांगते. हा लेख एकट्या कुणाकडून न घेता दोघांकडून घ्या. एक ख्याल गाणारी किंवा शिकवणारी व्यक्ती आणि एक जॅझ वाजवणारी. दोघांना एकत्र बसवून अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकवा आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घ्या. मतभेद झाले तर तेही छापा. माझ्या आत्याला निषाद दिसला, सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला कदाचित ब्लूजचा स्वर दिसेल. तो वाद वाचायला मी दुप्पट किंमत मोजेन.

आशा पुथली यांची मुलाखत मराठी माणसाने घ्यावी. त्यांना मायकल जॅक्सन भेटला होता का, अँडी वॉरहोल कसा होता, हे प्रश्न इंग्रजीत विचारून झाले आहेत. त्यांना विचारायला हवं ते हे की पहिला षड्ज कुणी लावायला शिकवला, गुरूंनी जॅझ गायचं कळल्यावर काय म्हटलं, तानपुरा परदेशात बरोबर नेला का, कोलमन यांच्यापुढे पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा मनात कुठला राग होता की कुठलाच नव्हता, आणि न्यूमन यांच्या स्टुडिओत एखादी जागा 'फार भारतीय होतेय, जरा कमी कर' असं कुणी सांगितलं का. ही विचारपूस आपल्याशिवाय कुणाला सुचणार नाही. आणि त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, तेव्हा पुढच्या वर्षी बघू असं कृपा करून म्हणू नका.

तिसरी गोष्ट तुमच्या वाचकांकडे मागा. वांद्र्याला, माहीमला, गिरगावात, कुलाब्यात, गोव्यातल्या जुन्या घरांत साठच्या दशकातल्या त्या चहा-डान्सच्या कार्यक्रमांची हँडबिलं, फोटो, वहीत उतरवलेली गाणी अजून पडून असतील. चर्चगेटच्या बँडमध्ये वाजवलेले कुणी आजोबा हयात असतील, नसले तर त्यांची मुलं असतील. अंकात चार ओळींचं आवाहन छापलंत तरी काहीतरी हाताला लागेल. घर आवरताना ही चिठोरी रद्दीत जातात, आणि एकदा गेली की गेली.

आकाशवाणीत कार्यक्रम आखणाऱ्या आणि खासगी एफएमवर रविवारी सकाळची वेळ सांभाळणाऱ्या मंडळींनाही यात सहभागी करून घ्या. अंक बाजारात येईल त्या आठवड्यात एका संध्याकाळी तासभर हा अल्बम मराठी निवेदनासह लावता आला तर वाचलेलं लगेच कानावर येईल. निवेदन लिहून द्यायला, आणि त्यासाठी आत्याला समजावून स्टुडिओत घेऊन यायला, मी एका पायावर तयार आहे. मानधनाची अपेक्षा नाही.

तुमच्यापैकी ज्यांना हा विषय घ्यावासा वाटेल त्यांनी आधी एवढंच करावं. शक्यतो रात्री, घर निजल्यावर, 'राइट डाउन हियर' दोनदा ऐकावं. एकदा नुसतं, आणि दुसऱ्यांदा ओळींच्या शेवटांकडे लक्ष देऊन. मग लेखकाला फोन लावावा.

आपली नम्र,
एक वाचक आणि श्रोती